मॅडम, एक मेल टाका

आमच्या कंपनीत सगळे एकमेकांना सभ्य समजत, हा वाघमारे मॅडमचा प्रताप होता.

कंपनी लिफ्टची. लिफ्ट बनवणारी नव्हे, सांभाळणारी. बोरिवलीपासून अंधेरीपर्यंत आणि पलीकडे घाटकोपर-मुलुंडच्या जुन्या-नव्या सोसायट्यांमधल्या लिफ्टची देखभाल आमच्याकडे असते. ऑफिस अंधेरी पूर्वेला, एमआयडीसीतल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. मेकॅनिक दिवसभर बाहेर, मोटरसायकलवर. साहेब आत, काचेच्या केबिनमध्ये. आणि या दोघांच्या मधोमध, झेरॉक्स मशीनच्या शेजारच्या टेबलाशी सुमन वाघमारे. आडनाव असं दणदणीत, पण बाईंनी आयुष्यात कुणाला शब्दानं ओरखडाही काढला नव्हता.

मी तिथं कॉम्प्युटरचं बघायला म्हणून लागले, तेव्हा मॅडमचं नेमकं काम काय हे मला महिनाभर कळलं नाही. कागदावर त्या ‘समन्वयक’ होत्या. मूळच्या स्टेनो. घाटकोपरच्या एका क्लासात लघुलिपी शिकलेल्या, इंग्रजी आणि मराठी दोन्ही. वडील जालन्याकडून मुंबईत आले, रंगकाम करायचे, आणि त्यांचं म्हणणं असं की दुसऱ्याचं बोलणं लिहून घेता आलं की माणसाला कुणी उठवून लावत नाही. साहेब लोक स्वतःच मेल टाइप करायला लागले तेव्हा बाकीच्या स्टेनो गेल्या. वाघमारे मॅडम राहिल्या. त्यांना ठेवलं कुणी? मेकॅनिकांनी.

त्याचं असं झालं, की पूर्वी मेकॅनिक सकाळी ऑफिसात येत. डायरी भरत, चहा पीत, साहेबांशी हुज्जत घालत आणि मग आपापल्या एरियात जात. पुढे ईमेल आला आणि साहेबांना एक नवं वाक्य मिळालं: “लेखी द्या.” मेकॅनिक काहीही सांगायला गेला की, लेखी द्या, मेल टाका. आता दोर, चक्री, मोटर यांच्याशी उभा जन्म झगडलेल्या माणसाला मेल टाकायचा म्हणजे संकटच. तोही इंग्रजीत. मग ते मॅडमना फोन करायचे. “मॅडम, एक मेल टाका ना.” एवढं म्हणून बोलायला सुरुवात करायचे.

मॅडम ऐकायच्या. त्यांचं ऐकणं पाहण्यासारखं होतं. कानाला फोन, डोळे मिटलेले, आणि उजवा हात वहीत आपला आपण रेघोट्या ओढतोय. चेहऱ्यावर असा भाव की दुपारी गच्चीवर कुणीतरी गाणं म्हणतंय आणि खाली घरात या पडल्या पडल्या ऐकतायत. मला वाटायचं, बाईंचा डोळा लागला. पण फोन ठेवला की वहीत अख्खं पान भरलेलं असे.

“मॅडम, डोळे मिटून कसं लिहिता?” मी एकदा विचारलं.

“डोळे उघडे ठेवले की ऑफिस दिसतं गं,” त्या म्हणाल्या. “मिटले की तो माणूस दिसतो. त्याची मशीन रूम दिसते.”

आणि खरंच दिसायची. मेकॅनिक बहुधा गच्चीवरच्या मशीन रूममधून बोलायचे. मागे वारा, कबुतरं, पाण्याच्या टाकीचा खळखळाट. त्या आवाजांवरून मॅडम बिल्डिंग ओळखत. एकदा एका नव्या मेकॅनिकचा पत्ता लागेना. आमच्या नकाशावरचा ठिपका त्याला भर खाडीत दाखवत होता. सर्व्हिस मॅनेजर शेणॉय सर चिडून माझ्या टेबलाशी उभे. मॅडमनी त्याला फोन लावला आणि म्हणाल्या, “काही बोलू नकोस. फोन जरा हवेत धर.” मिनिटभर डोळे मिटून बसल्या. मग म्हणाल्या, “सर, हा घाटकोपरला आहे. विमान अगदी डोक्यावरून उतरलं, आणि खाली शाळेत प्रार्थना चाललीय. ती टेकाडावरची बिल्डिंग.” तो तिथंच होता. शेणॉय सर मान हलवत केबिनमध्ये गेले.

दुपारी जेवणानंतर ऑफिस सुस्तावलं की त्या खिडकीतून बाहेर बघत काहीतरी विचारायच्या, आणि त्याला उत्तर नसायचं.

“अनघा, आत्ता या क्षणाला आपल्या किती लिफ्ट वर चालल्या असतील गं?”

“कोण जाणे.”

“आणि किती खाली? सगळ्या एकदम वर चालल्यात असं कधी होत असेल का? अख्ख्या बोरिवलीत, मुलुंडात, सगळी माणसं एकाच वेळी वर...”

संगणक शिकून आलेली मी, मला हा वेडेपणा वाटायला हवा होता. पण त्या खिडकीतल्या उन्हात, झेरॉक्स मशीनच्या उबेत, मला खरोखरच त्या लिफ्ट दिसायला लागत. आजही एखाद्या दुपारी दिसतात.

तर ऐकून झालं की मॅडम मेल लिहायच्या. आणि इथंच त्यांची खरी कला. मेकॅनिक म्हणायचा, “हे सेक्रेटरी एक नंबरचं नाटकी माणूस आहे, मशीन रूमची किल्ली देत नाय आणि वर माझ्याच नावानं बोंब मारतो.” मॅडमच्या मेलमध्ये ते असं व्हायचं: सोसायटीचं सहकार्य नेहमीच मोलाचं राहिलं आहे, किल्ली वेळेवर मिळाल्यास आम्हाला अधिक चांगली सेवा देता येईल. उलट बाजूनंही तेच. शेणॉय सर केबिनमधून ओरडायचे, “त्या परबला सांगा, डोकं ठिकाणावर ठेवून काम कर!” मॅडम परबांना फोन करायच्या. “परब, सर तुमची चौकशी करत होते. दमला असाल म्हणाले.” त्यामुळे परबांना वाटायचं सर मनानं चांगले आहेत, सोसायट्यांना वाटायचं आमचे मेकॅनिक सुसंस्कृत आहेत, आणि सरांना वाटायचं आपला दरारा आहे. खरं काय ते एकट्या मॅडमना ठाऊक, आणि त्यांच्या वहीला.

शिवाय त्या मेल लगेच पाठवत नसत. लिहून ठेवून द्यायच्या. सकाळी लिहिलेला मेल दुपारी चारनंतर जायचा. “पिकू दे,” म्हणायच्या. “कच्चा मेल पाठवला की दोन्हीकडे पोटात दुखतं.”

याचा गुण मी स्वतः पाहिलाय. परब म्हणजे कृष्णा परब, आमचे मुलुंडचे मेकॅनिक. मालवणकडचे, पन्नाशीचे, हातात जादू आणि जिभेवर निखारा. एके वर्षी गणपतीत गावी जायला त्यांनी रजा मागितली. रजेचा अर्ज नुकताच मोबाइलवर आलेला. परबांनी बटण दाबलं, आणि दोन मिनिटांत लाल अक्षरांत ‘नामंजूर’. माणूस नाही, कारण नाही, तोंडावर दार आपटावं तसं. परबांनी मॅडमना फोन केला आणि राजीनामा सांगितला. चांगला दीड पान. त्यात शेणॉय सरांच्या सात पिढ्या होत्या.

मॅडमनी सगळा लिहून घेतला. “पाठवते हं,” म्हणाल्या आणि डब्याला गेल्या.

चार वाजता परबांचा फोन. आवाज अगदी खाली. “मॅडम, तो मेल... गेलो काय?”

“कुठला मेल, परब?”

मग परब म्हणाले, “नाय, काय नाय. चाय घेतलात?”

पुढच्या आठवड्यात मॅडमनी लिहिलेल्या चार गोड ओळींवर रजा मंजूर झाली. परबांनी येताना गावाहून खाजं आणलं, पण स्वतः ऑफिसात आले नाहीत, कुरियरवाल्याबरोबर पाठवलं. कारण तोपर्यंत मेकॅनिकांचं ऑफिसात येणं बंदच झालं होतं. सगळं मोबाइलवर: काम मोबाइलवर मिळायचं, झालेलं काम मोबाइलवरच भरायचं, आणि ते भरलं की लगेच पुढचं काम येऊन उभं. ग्रुपवर हजेरी, ग्रुपवर फोटो, ग्रुपवर शुभ सकाळ.

हे अ‍ॅप आणायचं काम माझंच. कंपनीनं ते बाहेरून घेतलं, पण त्यातल्या चौकटी मी आखल्या. आवाज येतो का, दार नीट लागतं का, लिफ्ट मजल्याच्या लेव्हलला थांबते का. हो किंवा नाही. शेवटी ‘इतर’ नावाचा एक रकाना. मॅडमना मी मोठ्या हौसेनं दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं.

“या ‘इतर’मध्ये किती अक्षरं मावतात?”

“दोनशे चाळीस.”

“त्यात परब मावेल?”

मी हसले. त्याही हसल्या. आम्ही दोघी हसलो, याची मला आज लाज वाटते.

अ‍ॅपमध्ये आणखी एक चौकट होती. पूर्वी मेकॅनिकला धोका वाटला तर तो सरळ लिफ्ट बंद करून, पाटी लावून मोकळा व्हायचा. सोसायट्या तक्रारी करायच्या. म्हणून नवा नियम आला की लिफ्ट बंद ठेवायची तर सर्व्हिस मॅनेजरची मंजुरी हवी. लेखी.

तो दिवस गुरुवार होता. त्याच्या तीनच दिवस आधी परबांनी अ‍ॅपला शिव्या घालणारा आवाज रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकला होता, आणि त्या ग्रुपवर हेड ऑफिसचे लोकही होते. शेणॉय सर भडकले. आणखी एक शब्द वाकडा गेला तर परब घरी, असं त्यांनी मॅडमना बजावून सांगितलं होतं. मॅडमनी ते परबांना कसं सांगितलं असेल ते मी सांगायला नको.

गुरुवारी सकाळी साडेअकराला मुलुंडहून परबांचा फोन आला. मॅडमनी डोळे मिटले. हात चालू लागला. मी शेजारीच होते. माझ्या कानावर पलीकडचा नुसता चढा आवाज येत होता. मॅडमच्या चेहऱ्यावर मात्र हळूहळू एक लांबचं हसू आलं. फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, “परब म्हणतायत, तिथली लिफ्ट रिकामी असली की आपली आपण वर जाते. कुणी बटण न दाबता.”

“म्हणजे?”

“ब्रेक धरत नाही. आणि समतोलाचं वजन रिकाम्या लिफ्टपेक्षा जड असतं ना, ते खाली येतं आणि लिफ्ट वर.” मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “रिकामी लिफ्ट, कुणी नाही आत, आणि निघाली आपली वर.”

त्यांनी मेल लिहिला. इंग्रजीत होता, मराठीत सांगायचं तर असा: नेहमीच्या तपासणीत ब्रेकचं काम अपेक्षेपेक्षा काहीसं कमी आढळलं आहे, आपल्या सोयीनं लिफ्ट काही काळ बंद ठेवण्याच्या शक्यतेचा विचार व्हावा, ही विनंती. खाली परबांचं नाव. लिहून ठेवून दिला. चारनंतर गेला. तोवर सोसायटीच्या सेक्रेटरीनं परबांना सांगितलं होतं की ऑफिसचा मेल दाखवा, मग बंद करा. आणि अ‍ॅपनं परबांना पुढच्या कामावर भांडुपला पाठवलं होतं. परब समजत होते की आपलं बोलणं सकाळीच सरांपर्यंत पोचलंय. सरांनी संध्याकाळी तो मेल मोबाइलवर वाचला आणि एका शब्दात उत्तर दिलं, ‘नोंद घेतली.’

शुक्रवारी सकाळी आठ वाजता, त्या बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर राहणारे ठक्करभाई फिरायला म्हणून लिफ्टनं खाली आले. लिफ्ट थांबली. दार उघडलं. म्हाताऱ्या माणसानं एक पाऊल बाहेर टाकलं, आणि दुसरं उचलायच्या आत लिफ्ट वर सरकली. ठक्करभाई लॉबीत आपटले. खुब्याचं हाड मोडलं. लिफ्ट रिकामी, उघड्या दारानं, वरच्या मजल्याकडे निघून गेली.

बातमी आली तेव्हा मॅडम उभ्या होत्या. त्या खाली बसल्या आणि त्यांनी स्वतःचे दोन्ही हात टेबलावर ठेवले, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे त्यांच्याकडे बघत राहिल्या.

सोमवारी चौकशी ठरली. हेड ऑफिसची माणसं दुसऱ्या शहरात, त्यामुळे सगळं पडद्यावर. शनिवारी शेणॉय सर मॅडमच्या टेबलाशी आले. आवाज मवाळ होता.

“मॅडम, तुम्ही टेन्शन घेऊ नका. मेल एकदम व्यवस्थित आहे. परबनंच गांभीर्य कळवलं नाही. तुम्हाला काही त्रास होणार नाही.”

सर गेल्यावर मॅडमनी ड्रॉवरमधून वही काढली, गुरुवारचं पान उघडलं आणि माझ्यापुढे धरलं. मला त्यात काय कळणार? वेलांट्या, फाटे, ठिपके.

“इथं परब आहेत,” त्या म्हणाल्या. “लघुलिपीत आवाज लिहितात गं, शब्द नाही. जसं बोलले तसं उतरलंय. मालवणीसकट.”

“त्यांनी काय सांगितलं होतं?”

त्यांनी सांगितलं नाही. “त्यांची नोकरी जाईल म्हणून मी मऊ केलं,” म्हणाल्या. “आणि परब महिन्यातून एकदा तरी ‘माणूस मरेल’ म्हणतातच. मी ते रोजचंच धरलं. आणि खरं सांगू? ऐकताना मला छान वाटलं. रिकामी लिफ्ट वर जातेय, यातच मी अडकले. मागे तो माणूस ओरडत होता, आणि मी लिफ्ट बघत होते.”

मला बोलायचं होतं की यात तुमचा काय दोष, चौकट तर मी आखली. तोंडातून निघालं ते भलतंच. “मॅडम, तुमचे रिटायर व्हायला आठच महिने राहिलेत. ही वही कुणालाच वाचता येत नाही. तुम्ही गप्प बसलात तर कुणाला कळणारही नाही.”

“नाही कळणार,” त्या म्हणाल्या. “परब जातील, इतकंच.” आणि जायचं म्हणजे नुसतं इथून नाही. निष्काळजीपणाचा शिक्का बसलेल्या मेकॅनिकला कुठलीच लिफ्ट कंपनी दारात उभं करत नाही. हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

सोमवारी परब ऑफिसात आले. कित्येक वर्षांनी. धुतलेला युनिफॉर्म, केस चापून बसवलेले. मीटिंगच्या खोलीत त्यांना खुर्चीच्या कडेवर बसलेलं पाहून मला गलबलून आलं. समोर पडद्यावर चौकटी-चौकटींत सहा चेहरे. मॅडम कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन, इतिवृत्त लिहायला. त्यांचाही चेहरा पडद्यावर सातव्या चौकटीत होता.

शेणॉय सरांनी मेल पडद्यावर आणला. “मेकॅनिकचे शब्द बघा. ‘काहीसं कमी.’ ‘आपल्या सोयीनं.’ यात तातडी कुठे आहे?”

“मी असा बोललंयच नाय!” परब उठून उभे राहिले. “सर, माझ्या बायकोपोरांची शपथ, मी असा बोलूचंय नाय!”

“लेखी काय आहे ते समोर आहे, परब.”

परबांनी मॅडमकडे पाहिलं. रागानं नाही. परबांना राग यायला हवा होता, पण ते नुसतेच गोंधळले होते. इतक्या वर्षांत आपण सांगतो ते मॅडम कसं लिहितात हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

मॅडमनी वही उघडली आणि वाचायला सुरुवात केली. खोलीतही नीट ऐकू येत नव्हतं, नुसते ओठ हलत होते, पान सरकत होतं, आणि पडद्यावरचे सहाही चेहरे तसेच ढिम्म. शेवटी त्यांतला एकजण म्हणाला, “मॅडम, तुमचा आवाज येत नाहीये. म्यूटवर आहात.” कुणीतरी हसलं. मी पुढं होऊन बटण दाबलं. मॅडमनी माझ्याकडे एकदा पाहिलं, पाणी प्यायल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पहिल्या खेपेला त्यांची मान खाली होती. आता ती वर होती.

“ ‘मॅडम, मेल टाका. आत्ताच्या आत्ता टाका. ह्या लिफ्टीचो ब्रेक धरणा नाय. मी रिकामी उभी करून बघितलंय, ती आपली आपण वर जाता. दार उघडा आसताना जाता, मॅडम. कोण बाहेर येताना गेली तर माणूस मरात. आवशीचो घो त्या अ‍ॅपचो, त्यात ह्या लिवाक जागा नाय. सरांका सांगा, मेल वाचीत बसा नकात, धावत येवा. नायतर माका सांगा, मी बंद करतंय. माझ्या नावान लिवा. परबान सांगितल्यान म्हणून लिवा.’ ”

मुंबईत पाऊणशे वर्षांमागे आलेल्या मराठवाड्याच्या घरातली बाई, आणि तिच्या तोंडून परबांची मालवणी, जशीच्या तशी, परबांच्याच चढउतारात. शेणॉय सर टेबलाकडे बघत होते. परबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

मॅडमनी वही मिटली. “हे साडेअकराला सांगितलं. मी ते बदललं. आणि चारपर्यंत माझ्याकडे ठेवलं. परबांनी जे करायचं ते केलं होतं.”

परब राहिले. मॅडमनी त्याच आठवड्यात राजीनामा दिला. कंपनीनंच तो मागितला होता, असं नंतर कळलं. मेकॅनिकनं धोका वाटला तर लिफ्ट आधी बंद करावी आणि मग कळवावं, असा बदल मी अ‍ॅपमध्ये केला, कुणाला न विचारता, आणि मग मंजुरी घेतली. निरोपाचा कार्यक्रम झाला नाही. ग्रुपवर फुलांची चित्रं मात्र भरपूर आली.

मॅडम लेकीकडे जालन्याला जायच्या होत्या. जायच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, त्यांचा फोन आला. “मुलुंडला येतेस? एकटीनं जायचं धाडस होत नाहीये.” कुठं, ते विचारावं लागलं नाही.

ठक्करभाई पलंगावर उशांना टेकून बसले होते. शेजारी वॉकर. टेबलावर आमच्या कंपनीनं पाठवलेला गुच्छ, प्लास्टिकच्या कागदातून न काढलेला. सुनेनं आम्हाला खुर्च्या दिल्या. मॅडम बसल्या नाहीत.

“मी लिफ्ट कंपनीत होते,” त्या म्हणाल्या. “मेकॅनिकनं आदल्या दिवशी सांगितलं होतं की लिफ्ट बंद करा, माणूस मरेल. ते साहेबांना कळवायचं काम माझं होतं. मी ते मऊ करून लिहिलं. आणि दुपारभर ठेवून दिलं. म्हणून तुम्ही पडलात.”

म्हाताऱ्यानं टेबलावरच्या गुच्छाकडे बोट केलं.

“चार मेल आला तुमचा कंपनीचा,” ते म्हणाले. “चारीमध्ये लिखेला, ‘असुविधेबद्दल क्षमस्व.’ असुविधा!” आणि मग त्यांचा आवाज चढला. “हूं रोज तळावापर्यंत चालत जायचा, बेन. बेतालीस वरस. आता संडासला जायला पण माणूस लागते! पोराचा बायको मला धरून नेते, समजते तुम्हाला? तुमच्या एक मेलमधी माझा पाय गेला!”

सून घाईनं पुढं आली. “पप्पा, हळू. बीपी वाढेल. बेन, तुम्ही मनावर घेऊ नका, ते तसे नाहीत...”

“नको,” मॅडम म्हणाल्या. “त्यांना बोलू द्या.”

त्यांनी खुर्ची पलंगाच्या अगदी जवळ ओढून घेतली आणि बसल्या. ठक्करभाई बोलत होते. गुजरातीत, मराठीत, जे तोंडात येईल त्यात. मॅडम मधे एक शब्द बोलल्या नाहीत. मला ते सोसवेना. मी दार हळूच लोटून जिना उतरले. मॅडमना मी शेवटचं पाहिलं ते त्या अर्ध्या दारातून, म्हाताऱ्याच्या पलंगाशी, समोरून येणारा शब्दन् शब्द घेत बसलेल्या.

खाली गेटपाशी उभी राहिले. चौथ्या मजल्याच्या खिडकीतून आवाज खालपर्यंत येत होता. वॉचमननं वर बघत विचारलं, “काय झालं हो? भांडण चाललंय काय वर?”

“नाही,” मी म्हटलं. “बोलतायत.”